एकच जॅकेट बारा महिने चालेल का? नाशिकहून दुचाकीवर दूर जाणाऱ्यांसाठी

नाशिकच्या एका वाचकाने विचारले आहे: त्यांच्याकडे ३५० सीसीची गाडी आहे, तिच्यावरून ते रोज सिडकोतून सातपूरला कामावर जातात, सुट्टीच्या दिवशी पत्नीसह त्र्यंबकेश्वर, भंडारदरा, सापुतारा अशा फेऱ्या होतात आणि येत्या जूनमध्ये दोघांना गाडीवरून हिमाचलातील स्पितीला जायचे आहे. दोघांच्या साधनांसाठी त्यांनी पन्नास हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. त्यांतून आत पावसाचे व थंडीचे अस्तर असलेले पंधरा-सोळा हजारांचे एकच जॅकेट घ्यावे, ते बारा महिने वापरावे आणि उरलेल्या पैशांत बाकीचे बसवावे, असा त्यांचा विचार आहे. जॅकेट चामड्याचे असावे की कापडी, हाही प्रश्न त्यांनी जोडला आहे.

माझे मत आधीच सांगतो: खरेदीची सुरुवात जॅकेटने करू नये, आणि जॅकेट घ्याल तेव्हा ते बारा महिन्यांचे म्हणून घेऊ नये. अपघाताच्या क्षणी दोनच गोष्टींना महत्त्व उरते. ती वस्तू त्या वेळी तुमच्या अंगावर होती का, आणि घसरताना ती जागेवर टिकली का. किंमत, कापडाचे नाव, शिवणीवरची नक्षी हे सारे त्यानंतर येते. नाशिकच्या हवेत वर्षातले निम्मे दिवस जे जॅकेट घालवत नाही आणि म्हणून घरी खुंटीला राहते, त्याचे प्रमाणपत्र कितीही वरच्या दर्जाचे असले तरी त्याचा तुम्हाला उपयोग नाही.

जॅकेटने सुरुवात करू नये असे म्हणण्यामागे आधार आहे. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा परिसरात अपघात झालेल्या दुचाकीस्वारांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खास दुचाकीसाठी बनवलेले कपडे घातलेल्या आणि न घातलेल्या चालकांची तुलना होती. रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता जॅकेट घातलेल्यांमध्ये सुमारे २१ टक्क्यांनी कमी होती, खास विजार घातलेल्यांमध्ये सुमारे ५१ टक्क्यांनी आणि हातमोजे घातलेल्यांमध्ये सुमारे ५९ टक्क्यांनी. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद मला अधिक बोलकी वाटते: अपघातात सापडलेल्या जॅकेट, विजार आणि हातमोज्यांपैकी २५ ते ३० टक्के फाटले किंवा शिवणीत उसवले होते. म्हणजे 'रायडिंग' असा शब्द लेबलवर असणे पुरेसे नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक जण आधी जॅकेट घेतात, कारण ते दिसते. हातमोजे आणि बूट 'पुढच्या पगारात' म्हणून राहून जातात आणि कित्येकदा राहूनच जातात.

हेल्मेट हा अर्थातच पहिला खर्च. १ जून २०२१ पासून आपल्या देशात भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे किंवा विकणे कायद्याने बंद आहे. त्यासाठीचे मानक आयएस ४१५१ हे आहे. तरीही पदपथावरच्या ढिगात बनावट आयएसआय चिन्हे सर्रास आढळतात. चिन्हाखाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये टाकून पाहता येतो, आणि दुकानात उभे असतानाच पाहावा. त्यावर शक्य असेल तर युरोपीय 'ईसीई २२.०६' ही मान्यताही असलेले हेल्मेट घ्यावे. आधीच्या २२.०५ पेक्षा या आवृत्तीत चाचण्या वाढल्या आहेत, आणि डोके तिरके आपटल्यावर मेंदूला बसणारा पीळही तपासला जातो. प्रत्यक्ष अपघातात डोके सरळ रेषेत क्वचितच आपटते, म्हणून ही चाचणी महत्त्वाची आहे. या मान्यतेची चिठ्ठी बहुधा हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेली असते. केवळ 'डॉट' एवढेच लिहिलेले असेल तर त्यावर फार विसंबू नये, कारण त्या अमेरिकी पद्धतीत पालनाची ग्वाही निर्माता स्वतःच देतो.

पूर्ण चेहरा झाकणारेच हेल्मेट घ्या. जर्मनीतील हॅनोव्हर परिसरातील अपघातग्रस्तांच्या अभ्यासात हेल्मेटवरील सुमारे ३५ टक्के आघात हनुवटी आणि जबड्याच्या भागावर आढळले होते. उघड्या तोंडाचे हेल्मेट हा भाग तसाच मोकळा सोडते. हनुवटीसह वर उचलता येणारी, म्हणजे मॉड्युलर हेल्मेटे चष्मा लावणाऱ्यांना सोयीची असतात. मात्र धावत्या गाडीवर ती उघडी ठेवण्याची सवय लागत असेल तर घेऊ नयेत.

माप हा हेल्मेटचा खरा कस आहे. भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून डोक्याचा घेर मोजावा. पण त्या आकड्यावर न थांबता हेल्मेट डोक्यावर चढवून दुकानात वीस-पंचवीस मिनिटे बसावे. गाल दाबले गेले पाहिजेत, इतके की बोलताना आतली बाजू किंचित दाताखाली यावी. ती गादी काही आठवड्यांत दबते. कपाळावर मात्र एकाच ठिकाणी टोचत असेल तर ते डोक्याच्या आकाराशी न जुळणारे हेल्मेट आहे, आणि ते वापरून 'सैल' होईल ही विक्रेत्याची समजूत चुकीची आहे. पट्टा लावून, मागून हात घालून हेल्मेट वर आणि पुढे ढकलून पाहावे. डोक्यावरून निघत असेल तर ते अपघातातही निघेल. तुमच्या पत्नींसाठी हेल्मेट घेताना एक गोष्ट नेहमी विसरली जाते: अंबाडा किंवा मोठा क्लिप असेल तर हेल्मेट डोक्यावर नीट खाली बसत नाही. सैल वेणी मानेपाशी खाली घेऊन, प्रवासात जशी केशरचना असेल तशीच ठेवून माप घ्यावे.

व्हायझरबद्दल, म्हणजे हेल्मेटच्या समोरच्या काचेबद्दल, थोडे. निफाड-पिंपळगावच्या वाटेवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली की बारीक ओरखडे उठतात, आणि रात्री समोरून ट्रकचे दिवे आले की त्या ओरखड्यांतून प्रकाश पसरून रस्ताच दिसेनासा होतो. ओले फडके व्हायझरवर मिनिटभर ठेवून मग हलकेच पुसावे. काळा व्हायझर दिवसा कितीही सुखाचा वाटला तरी संध्याकाळ होऊ शकणाऱ्या प्रवासात पारदर्शक व्हायझर सोबत हवाच. पावसाळ्यात कसारा घाटात ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा बाहेरच्या पाण्यापेक्षा आतून साचणारे धुके अधिक त्रास देते. त्यावर 'पिनलॉक'सारखे आतून बसणारे दुसरे भिंग हाच मला भरवशाचा उपाय वाटतो. हेल्मेट घेतानाच व्हायझरवर त्यासाठीच्या दोन खुंट्या आहेत का ते पाहा.

जुने हेल्मेट कोणाकडूनही घेऊ नये. आघात शोषणारा थर हा थर्माकोलच्या जातीचा असतो, तो एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, आणि दबलेला आहे हे बाहेरून कळत नाही.

हातमोजे. पडताना माणूस हात पुढे करतो; हे शिकवून थांबवता येत नाही. तळवा डांबरावर टेकतो, कातडी अडकते, शरीराचे वजन पुढे येते आणि मनगटातले स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडते. त्या हाडाला रक्तपुरवठा तोकडा असल्याने ते जुळायला महिने लागतात. म्हणून बोटांच्या सांध्यांवरच्या कठीण कवचाकडे सगळे पाहतात, तेव्हा तुम्ही हातमोजा उलटा करून तळव्याच्या टाचेकडे पाहा. तिथे घसरणारा कठीण तुकडा किंवा निदान चामड्याचा दुहेरी थर हवा, म्हणजे तळवा न अडकता सरकेल. दुसरी गोष्ट मनगटाचा पट्टा. तो आवळून दुसऱ्या हाताने बोटांची टोके ओढा. हातमोजा निघून आला तर तो रस्त्यावरही निघून येईल. युरोपीय मानक 'ईएन १३५९४' असे लेबलवर लिहिलेले असेल तर ही ओढण्याची चाचणी प्रयोगशाळेत झालेली असते. रोजच्या कामासाठी आखूड, हवेशीर आणि लांबच्या प्रवासासाठी मनगटावर चढणारा असे दोन जोड असणे उत्तम. एकच परवडत असेल तर हवेशीर पण मनगट पूर्ण झाकणारा घ्यावा. चिमटीत ब्रेकची कांडी नीट जाणवते का, हे स्वतःच्या गाडीवर बसून तपासावे. जाड हातमोज्याने ब्रेकचा अंदाज चुकत असेल तर त्या जाडीचा फायदा उरत नाही.

बुटांबाबत नियम सोपा आहे: घोटा झाकला पाहिजे आणि तळ पिळता येता कामा नये. बूट दोन्ही हातांत धरून ओल्या कपड्यासारखा पिळून पाहा; सहज वळला तर गाडी पायावर पडल्यावर तो पाऊल वाचवणार नाही. कारखान्यात मिळणारे लोखंडी टोपीचे सुरक्षा बूट बरेच जण वापरतात. चपलेपेक्षा किंवा कापडी बुटापेक्षा ते निश्चित चांगले, पण बहुतेकांत घोट्याच्या दोन्ही बाजूंना काहीच नसते. नाडी असलीच तर ती आत खोचण्याची सोय हवी, कारण गिअरच्या कांडीत अडकलेली नाडी सिग्नलला गाडी थांबवतानाच पाडते. बूट संध्याकाळी, जाड मोजा घालून मापावेत.

आता जॅकेट.

नाशिकची भौगोलिक जागा आपल्याला एक अडचण देते, आणि ती पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत येत नाही. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर असलेल्या नाशिक शहरात त्याच्या सुमारे पाव हिस्सा. पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे तो आणखी घटतो. जुलैत तुम्ही मुंबई नाक्यावरून कोरडे निघता, घोटीला भिजू लागता, घाट उतरून शहापूरला पोहोचता तेव्हा पाऊस थांबलेला असतो आणि कोकणचा दमट उकाडा सुरू होतो. मे महिन्यात चांदवडचा राहुड घाट ओलांडून मालेगाव-धुळ्याकडे उतरलात तर पारा चाळिशीच्या वर असतो. डिसेंबरच्या पहाटे निफाडला तो एक आकडी होतो. दोन तासांत हवा बदलते. अशा ठिकाणी आत अस्तरे असलेले 'बारमाही' जॅकेट कागदावर आदर्श दिसते, प्रत्यक्षात ते दर वेळी चुकीच्या अवस्थेत तुमच्या अंगावर असते.

कारण असे. पावसाचे अस्तर आत असते, म्हणजे बाहेरचे जाड कापड आधी पूर्ण भिजते. ते जड होते, वाऱ्याने पाणी उडत राहते आणि त्या बाष्पीभवनाने अंग गारठते; तुम्ही आतून कोरडे असूनही थंडीने कुडकुडता. शिवाय अस्तर लावायला घोटीच्या पेट्रोल पंपावर भर पावसात जॅकेट काढावे लागते. खिशातले पाकीट आणि फोन तर अस्तराच्या बाहेरच राहतात. त्याऐवजी हवेशीर जाळीचे (मेश), चांगल्या आर्मरचे (आत बसवलेल्या संरक्षक तुकड्यांचे) जॅकेट आणि त्यावरून चढवायचा साधा दुभागी रेनकोट ही जोडी स्वस्त पडते, पटकन घालता-काढता येते आणि रेनकोट फाटला तर जॅकेट बदलावे लागत नाही. म्हणून पंधरा हजारांचे बारमाही जॅकेट नको. त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक किमतीत मेश जॅकेट घ्या.

मेश म्हणजे सगळेच जाळीदार नव्हे. जमिनीवर आधी आपटणारे भाग खांदे, कोपर आणि हाताची बाहेरची बाजू हे असतात. तिथे घट्ट विणीचे, ५०० किंवा ६०० डेनिअरचे (डेनिअर हे धाग्याच्या जाडीचे माप) नायलॉन किंवा तत्सम कापड हवे, आणि जाळी छाती, पाठ व हाताच्या आतल्या बाजूला. शिवणी दुहेरी-तिहेरी असाव्यात. कपड्यांसाठी 'ईएन १७०९२' हे युरोपीय मानक आहे. त्यात सर्वांत वरचा वर्ग एएए, मग एए, मग ए. जास्त घासल्या जाणाऱ्या भागांची चाचणी या तीन वर्गांत अनुक्रमे ताशी सुमारे १२०, ७० आणि ४५ किलोमीटर वेगाशी निगडित आहे. बहुतेक मेश जॅकेटे ए किंवा एए वर्गात बसतात. आपल्या रस्त्यांवरच्या वेगांना एए मिळाले तर उत्तम. हे लक्षात ठेवावे की वेग दुप्पट झाला की घसरण्याची ऊर्जा चौपट होते. ४० च्या वेगाला पुरेसे कापड ८० ला पुरेसे असेलच असे नाही.

चामड्याबद्दल: घासण्याच्या बाबतीत चांगले चामडे आजही बहुतेक कापडांच्या पुढे आहे, हे मान्य. पण आपल्याकडे ते मार्च ते जून घालवत नाही, जुलै ते सप्टेंबर भिजून जड होते, आणि बंद कपाटात त्यावर बुरशी धरते. राहिलेल्या पाच महिन्यांसाठी ते घ्यावे असे मी तुम्हाला सांगणार नाही.

आर्मर म्हणजे सांध्यांवरचे संरक्षक तुकडे. त्यांचे मानक 'ईएन १६२१' आहे आणि त्याचे भाग महत्त्वाचे आहेत: भाग १ खांदे-कोपर-गुडघे यांचा, भाग २ पाठीचा, भाग ३ छातीचा. पातळी १ आणि पातळी २ असे दोन दर्जे असतात. हातापायांच्या आर्मरमध्ये आघातानंतर पलीकडे पोहोचणारे सरासरी बल (किलोन्यूटन हे त्याचे माप; जितके कमी तितके चांगले) पातळी १ ला ३५ किलोन्यूटनपर्यंत चालते, पातळी २ ला २० पर्यंत. पाठीसाठी हेच आकडे १८ आणि ९ आहेत. येथे खरेदीदाराची सर्वांत मोठी फसगत होते. पुष्कळ जॅकेटांत खांदे-कोपरांना प्रमाणित आर्मर असते आणि पाठीच्या खिशात मात्र गादीसारखा साधा फोमचा तुकडा असतो. विक्रेता त्यालाही 'बॅक प्रोटेक्टर' म्हणतो. तो तुकडा बाहेर काढून त्यावर 'ईएन १६२१-२' आणि पातळीचा आकडा उमटवलेला आहे का ते पाहावे. नसेल तर प्रमाणित तुकडा वेगळा विकत घेऊन बसवावा, आणि खिशाचे माप त्यासाठी आधीच तपासावे. तुम्हाला जूनमध्ये एकाच प्रवासात माळव्याची होरपळ आणि स्पितीची थंडी दोन्ही भेटणार आहेत, म्हणून आणखी एक बारकावा: मऊ आर्मर उन्हात अधिक मऊ आणि थंडीत कडक होते. लेबलवर 'टी+' असेल तर ते ४० अंशांना आणि 'टी-' असेल तर उणे १० अंशांना तपासलेले असते.

आर्मर जागेवर राहिले तरच त्याचा उपयोग. जॅकेट घालून गाडीवर बसा, हॅंडल धरा आणि कोपराचा तुकडा दुसऱ्या हाताने फिरवून पाहा. तो कोपराच्या बाजूला सरकत असेल तर माप मोठे आहे, किंवा दंडाचे पट्टे आवळायचे राहिले आहेत. 'आत स्वेटर बसेल' म्हणून एक माप मोठे घेण्याची आपली पद्धत येथे घातक ठरते. स्वेटर आत जायलाच नको. थंडीचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो.

थंडीत गाडीवर खरा शत्रू वारा असतो. हवा १० अंशांची असेल आणि ताशी ६० किलोमीटरचा वारा लागत असेल तर उघड्या त्वचेला ती साधारण ५ अंशांसारखी जाणवते. मेश जॅकेटवरून रेनकोटचा वरचा भाग चढवला की वारा थांबतो, आणि आत पातळ फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचा थर) पुरते. अंगालगत सुती बनियन घालू नये. सूत घाम धरून ठेवते आणि थांबल्यावर तोच घाम गारठवतो. पॉलिस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा घट्ट बसणारा थर घ्यावा. घाम सोडणारा पातळ थर, मग ऊब धरणारा थर, मग जॅकेट आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारा रेनकोट: निफाडच्या पहाटेला आणि साडेचार हजार मीटरहून उंच असलेल्या कुंझुम खिंडीला हीच मांडणी लागू पडते, फक्त स्पितीसाठी मधल्या थरात एक पातळ पफर, म्हणजे आत भरण असलेले हलके फुगीर जाकीट, वाढवावा.

उन्हाळ्यात उलटे होते, आणि ते अनेकांना पटत नाही. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, बरेच वर गेले की अंगावर येणारा वारा गार करत नाही, तो अंग तापवतो आणि घाम उपयोगी पडण्याआधीच सुकवून टाकतो. अशा वेळी जॅकेट काढून शर्टावर जाणे हा सर्वांत वाईट उपाय. आतला थर पाण्याने भिजवून घालावा, वरून मेश जॅकेट, आणि मानेभोवती ओले उपरणे. त्याची टोके मात्र जॅकेटच्या आत खोचलेली हवीत. दर तासाला पुन्हा भिजवावे आणि पाणी प्यावे. धुळे ते इंदूर या पट्ट्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तुम्हाला याची गरज पडेल. पहाटे चारला निघून अकराच्या आत थांबणे हे कोणत्याही साधनापेक्षा मोलाचे आहे.

रेनकोट दुभागी घ्यावा, शिवणी आतून पट्टीने बंद केलेला. विजारीची चेन पायाकडून गुडघ्यापर्यंत उघडणारी असावी, म्हणजे बूट न काढता ती चढते. पाण्याची पहिली गळती बसल्यावर मांड्यांच्या मधोमध जमणाऱ्या डबक्यातून होते, तेव्हा तिथली शिवण नीट पाहावी. विजार बुटाच्या बाहेर ठेवावी, नाहीतर सगळे पाणी बुटात उतरते आणि जलरोधक बूट आतून भरलेले राहतात. सायलेन्सरच्या बाजूचा पाय सांभाळावा; रेनकोटचे कापड गरम नळीला लागताच वितळते. आणि रेनकोट घोटीच्या आधी, कोरड्या जागी चढवावा. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही, म्हणजे आपल्याला कसाऱ्याचा घाटच आहे, आणि पाऊस लागल्यावर त्या वळणांवर थांबायला सुरक्षित जागा फार थोड्या आहेत.

कमरेखालच्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. साधी जीन्स डांबरावर क्षणभरही टिकत नाही. रोज कामावर जाताना पूर्ण रायडिंग विजार घालणे तुमच्याकडून होणार नाही, हे मी गृहीत धरतो. म्हणून आधी पट्ट्यांचे प्रमाणित गुडघासंरक्षक घ्यावेत आणि ते विजारीच्या आत बांधावेत. बाहेरून बांधलेले घसरताना फिरतात. कारखान्यात पोहोचल्यावर ते काढून ठेवता येतात. स्पितीसाठी मात्र नितंब आणि गुडघे दोन्हींना आर्मर असलेली विजार हवी. ग्रामफू ते बातल या टप्प्यात रस्त्यावरून वाहणारे ओढे दुपारी बर्फ वितळल्यावर फुगतात, तेव्हा पिंडऱ्यांपर्यंत भिजणार हे धरून दोन जोड लोकरी मोजे कोरड्या पिशवीत वेगळे ठेवावेत.

तुमच्या प्रश्नात पत्नीच्या साधनांचा उल्लेख एका शब्दात आला आहे, म्हणून हे जरा ठासून लिहितो. मागे बसणाऱ्या व्यक्तीला पडण्याची पूर्वसूचना मिळत नाही, हॅंडलचा आधार नसतो, आणि गाडी घसरली की ती त्याच डांबरावर त्याच वेगाने पडते. तेव्हा पन्नास हजारांची वाटणी पंचवीस-पंचवीस अशीच व्हावी. तुमचे जुने हेल्मेट त्यांना आणि नवे तुम्हाला, असे करू नका. स्त्रियांसाठीच्या मापाची जॅकेटे आता देशी कंपन्यांकडेही मिळतात. पुरुषांचे लहान माप खांद्यात मोठे आणि कमरेत घट्ट होते आणि खांद्याचे आर्मर दंडावर उतरते. ओढणी, साडीचा पदर, सैल स्कार्फ यांपैकी काहीही मागच्या चाकाजवळ असता कामा नये. मागच्या चाकाची निम्मी बाजू झाकणारी जाळी, हाताची पकड आणि पाय ठेवायचे दांडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने सक्तीचे केले आहेत; गाडी देखणी दिसावी म्हणून ती जाळी काढली असेल तर परत बसवून घ्या.

रंगाचा विचार शोभेसाठी नव्हे, दिसण्यासाठी करावा. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चमकणारे किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांमध्ये इजा होणाऱ्या अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला, आणि काळ्याच्या तुलनेत पांढऱ्या हेल्मेटचा २४ टक्क्यांनी. दिंडोरी-वणी रस्त्यावर संध्याकाळी मागचा दिवा नसलेला कांद्याचा ट्रॅक्टर वळतो, तेव्हा त्याच्या चालकाला तुम्ही दिसलेच पाहिजे. काळे जॅकेट आवडत असेल तर रेनकोट पिवळा किंवा नारिंगी घ्या आणि वरून परावर्तक पट्ट्यांचे बिनबाह्यांचे जाकीट घाला. ते काही शे रुपयांत मिळते.

खिशात किल्ल्यांचा जुडगा, पाठीवरच्या पिशवीत पाने किंवा साखळीचे कुलूप ठेवू नये. पडल्यावर ती वस्तू तुमच्या आणि रस्त्याच्या मध्ये असते. जड सामान गाडीला बांधावे.

एका माणसाच्या पंचवीस हजारांची मांडणी मी साधारण अशी करीन: हेल्मेट सहा हजारांपर्यंत, हातमोजे अडीच, बूट पाच, मेश जॅकेट पाठीच्या प्रमाणित आर्मरसह आठ, गुडघासंरक्षक दोन आणि रेनकोट दीड. स्पितीची आर्मरयुक्त विजार यात बसत नाही. ती दोघांसाठी एप्रिल-मेपर्यंत वेगळ्या पैशांतून घ्यावी, किंवा ओळखीच्या कोणाकडून प्रवासापुरती मागून आणावी. विजार उसनी चालते. हेल्मेट आणि बूट उसने चालत नाहीत. हजार-दोन हजार कमी पडत असतील तर जॅकेटमधून कापावेत, हातमोज्यांतून नव्हे.

दुकानात चढवून पाहूनच घ्यावे. नाशिकमध्ये हवे ते माप नसेल तर पुण्याला किंवा मुंबईला एक फेरी मारणे परवडते. घरबसल्या मागवायचे असेल तर परत करण्याची मुदत आधी वाचावी आणि लेबले न काढता घरातच गाडीवर बसून तासभर पाहावे. सगळी साधने हाती आल्यावर, मेच्या सुरुवातीच्या एखाद्या रविवारी, दोघांनी संपूर्ण पोशाखात आणि स्पितीला नेणार तेवढे सामान बांधून वणीमार्गे सापुतारा गाठून परत यावे. कपाळावर कुठे टोचते, कोपराचे आर्मर किती सरकते, मागे बसल्यावर पाठीचा तुकडा सामानाला घासतो का, हातमोज्यातली कोणती शिवण बोटाला लागते, हे प्रत्येकाने त्याच संध्याकाळी लिहून काढावे, म्हणजे जूनच्या आधी बदलायला किंवा शिंप्याकडून दुरुस्त करून घ्यायला तीन-चार आठवडे हाताशी राहतात.